धागा: गॉथिक मोहिमेतली शहाणी झाडं – पोरं पेटवून मोकळी होतात, उपाय सांगा

धुकेगडचा_डीएम

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. चार खेळाडू, सगळे लेव्हल ५: ड्रुइड (निसर्गाचा पुजारी), विझार्ड (जादूगार), पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि रोग (म्हणजे चोर, आजार नव्हे, परिणाम मात्र तोच). रविवारी दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीत बसायचंय, हातात चार तास.

जग असं: धुक्यात बुडालेली दरी, उतारावर राजवाडा, वाड्यात एकटी राणी आणि मागे बाग. बागेतल्या झाडांना समज आहे. वातावरणाची काळजी नाही. पन्हाळ्यावरचं जुलैतलं धुकं आणि आपल्या टाऊन हॉलच्या टोकदार कमानी एकत्र केल्या की गॉथिक तयार, परदेशात जायला नको.

अडचण झाडांची आहे. पुस्तकातलं कुठलंही झाड काढलं की पहिल्या फेरीत फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल, म्हणजे मंत्र), दुसऱ्या फेरीत शेकोटी. झाडाला अक्कल आहे हे कळायच्या आत त्याचा कोळसा होतो. मला तीन-चार झाडं हवीत, प्रत्येकाचं डोकं वेगळं, आणि आग लावणं हा फुकटचा उपाय नको.

फासेबहाद्दर

आधी हिशेब, म्हणजे रोग कुठंय ते कळेल (आजारवाला).

अवेकन्ड ट्री (जागं झालेलं झाड): एसी (मारा लागायला गाठायचा आकडा) १३, एचपी (जीव) ५९, आगीला व्हल्नरेबल (इजा दुप्पट). फायरबॉल ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८. सेव्ह (बचावाचा फासा) हुकला की दुप्पट, ५६. उरले ३. सेव्ह जमला तर आधी निम्मं, मग दुप्पट, म्हणजे २८ च. मीटरभर बुंध्याचं झाड एका स्पेलमध्ये जवळजवळ खलास. ट्रिएंट (चालतं-बोलतं झाड) १३८ एचपीचा आहे, पण तोही आगीला व्हल्नरेबल, आणि चॅलेंज (अवघडपणा) ९ म्हणजे तुमच्या पोरांना जड. झुडूप तर १० एचपीचं, ते पणतीनंही जाईल.

शॅम्बलिंग माऊंड (पालापाचोळ्याचा चालता ढीग) वेगळा. एसी १५, एचपी १३६, आगीला आणि थंडीला रेझिस्टंट (इजा निम्मी), आणि विजेनं उलट बरा होतो. विझार्डनं लायटनिंग बोल्ट मारला तर सरासरी २८ एचपी परत. चॅलेंज ५, १,८०० एक्सपी (अनुभवाचे गुण). चार जणांच्या लेव्हल ५ ला मध्यम लढत २,००० पासून सुरू होते, त्यामुळे एक माऊंड सहज झेपेल. दोन ठेवले तर ३,६०० गुणिले दीड (दोन शत्रूंचा गुणक), ५,४००. जीवघेणी पातळी ४,४०० लाच लागते. दोन ठेवू नका.

विजेची गोष्ट मात्र आधी दिसली पाहिजे. वीज पडून उभं चिरलेलं एक झाड दाखवा आणि त्याच्या बुडाशीच हिरवळ सगळ्यात दाट ठेवा. जो बघेल तो वाचेल. इशारा न देता टाकलात तर खेळाडू म्हणणार डीएमनं फसवलं, आणि त्यांचं बरोबर असेल.

कारवी_सात

आकडे बरोबर आहेत, पण दुखणं आकड्यांत नाही. पुस्तकातलं झाड म्हणजे फांद्या लावलेला पैलवान. येतं, ठोसा मारतं, मरतं. त्याला पेटवायचं नाही तर काय करायचं? झाडाची अक्कल झाडासारखी हवी. प्रत्येक झाडासाठी तीन प्रश्न लिहून काढा: त्याला काय कळतं, काय कळतच नाही, आणि काय हवंय. एचपी त्यानंतर.

पहिलं झाड घ्या, मोजणारी. आधार व्हीनस फ्लायट्रॅपचा. खऱ्या झाडाच्या पानाच्या प्रत्येक पाळीवर साधारण तीन संवेदी केस असतात. एकदा धक्का लागला तर पान नुसतं नोंद घेतं. सुमारे २० सेकंदांत दुसरा धक्का लागला तरच मिटतं. पावसाचा थेंब आणि माशी यांतला फरक त्याला असा कळतो. आत अडकलेलं धडपडू लागलं की धक्के वाढतात, आणि पाचच्या आसपास पाचकरस सुटायला लागतात.

आता बघा, डी अँड डीची एक फेरी ६ सेकंदांची. २० सेकंद म्हणजे तीन फेऱ्या, वर थोडं. नियम आयता मिळाला:

पहिला स्पर्श: काही होत नाही. पर्सेप्शन (निरीक्षण) डीसी (फाशानं गाठायचा आकडा) १३ जमला तर पान किंचित शहारलेलं दिसतं.

तीन फेऱ्यांच्या आत दुसरा स्पर्श, कुणाचाही: ज्याचा स्पर्श त्याला डेक्स (चपळाई) सेव्ह डीसी १३. हुकला तर पान मिटलं, तो रेस्ट्रेन्ड (जखडलेला).

सुटायची प्रत्येक फसलेली धडपड म्हणजे आणखी एक स्पर्श. पाच झाले की दर वळणाच्या सुरुवातीला २डी६ ॲसिड.

अडकलेला दहा फेऱ्या, म्हणजे एक मिनिट, अजिबात हलला नाही तर पान आपोआप उघडतं. खऱ्या झाडाला रिकामं पान उघडायला अर्धा-एक दिवस लागतो. टेबलावर तेवढा वेळ कुणाकडे नाही.

तिला डोळे-कान नाहीत, माणूस आणि उंदीर यांत फरक कळत नाही. तिला फक्त संख्या कळते. म्हणून ती बोलतेही संख्येत. ड्रुइडनं विचारलं, "राणी इथून गेली का?" तर उत्तर: "काल रात्री चार. मग थांबलं. मग दोन." चार पावलं, मग पाय घसरला असावा, मग दोन. खेळाडूंना अर्थ लावू द्या.

सुगावा म्हणून पानाखाली उंदरांचे रिकामे सांगाडे ठेवा, आणि शेजारीच एक जिवंत उंदीर, दगडासारखा निश्चल बसलेला.

तांबडा_पांढरा

मर्दा, तो उंदीर लई भारी हाय. नाद खुळा.

पण रोग काय हात लावणार न्हाई. लांबनं दोन दगडं हाणंल, पान मिटंल, आन् चालत पुढं जाईल. मग?

कारवी_सात

मग जाऊ दे की, त्यानं डोकं लावलंय. खरा सापळाही आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो, नंतर काळा पडून गळतो. फुकट मिटणं झाडाला महागात पडतं. म्हणून एका झाडाला सहा पानं द्या, प्रत्येक पान दिवसात एकदाच मिटेल. दगड मारून सहाही मिटवली तर वाट मोकळी, पण त्या रात्री झाड उपाशी राहिलं. परतताना ते बोलणार नाही, किंवा खोटा आकडा सांगेल. शहाणं आहे ना? मग त्याला रागही असू दे.

निशाचर

ड्रुइडकडे लक्ष द्या, नाहीतर सगळं रहस्य दहा मिनिटांत फुटेल. लेव्हल ५ च्या ड्रुइडला तिसऱ्या पातळीचे स्पेल मिळतात, त्यात स्पीक विथ प्लँट्स येतो. वेळ १० मिनिटं, घेर ३० फूट. नियमातली मर्यादा नीट वाचा: झाडांना फक्त गेल्या एका दिवसातलं विचारता येतं, तेही त्या घेरात घडलेलं. शंभर वर्षांपूर्वीचा खून सामान्य झाड सांगू शकत नाही. मुळं उपटून चालायलाही तो स्पेल लावत नाही. बागेतली साधी झाडं आणि शहाणी झाडं यांतला फरक खेळाडूंना इथंच कळतो: कालच्या आधीचं ज्याला आठवतं, ते झाड साधं नाही.

शहाणी झाडं आली कुठून याला तुमच्याकडे 'राजघराण्याचा शाप' असं काहीतरी असेल. तो वगळा, नियमातच याहून चांगली गोष्ट पडलीय. अवेकन हा झाडाला समज देणारा, पाचव्या पातळीचा स्पेल. एका झाडाला ८ तास आणि १,००० सोन्याच्या नाण्यांचा अकीक (रत्न), जो स्पेलमध्ये संपतो. बागेत ४० झाडं धरा: ४०,००० नाणी, ३२० तास. राज्याचा खजिना कुठं गेला ते कळलं? जमाखर्चाच्या वहीत फक्त 'अकीक' एवढाच शब्द ४० वेळा लिहिलेला सापडू द्या.

पुढचं त्याहून चांगलं आहे. जागं झालेलं झाड ३० दिवस जागं करणाऱ्यावर मोहित असतं. ३० दिवस संपले की मित्र राहायचं की नाही ते झाड ठरवतं, मधल्या काळात कसं वागवलं त्यावरून. म्हणजे राणीकडे झाडामागे एक महिना होता. तो तिनं कसा घालवला, हीच तुमची मोहीम.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. पॅलाडिनच्या डिव्हाइन सेन्सला देवदूत, सैतानी जीव आणि मृतात्मे कळतात, झाडं नाहीत. बागेत सडक्या मांसाचा वास ठेवा, शेवळ्याच्या जातीच्या फुलांना येतो तसा, माश्यांना बोलवायला. पॅलाडिन म्हणणार इथं चालती प्रेतं आहेत, सेन्स म्हणणार काहीच नाही. तेवढ्यावर पोरं पंधरा मिनिटं भांडतील, तोवर चहा होतो. दुसरी गोष्ट ब्लाइट, सुकवून मारणारा स्पेल. चौथ्या पातळीचा आहे, त्यामुळे आत्ता विझार्डकडे नाही, पण वाड्यात स्क्रोल (मंत्राची गुंडाळी) ठेवाल तर जपून. वनस्पती-जीवाला त्यावर सेव्ह डिसॲडव्हांटेजनं (दोन फासे, कमी तो धरायचा) आणि इजा पूर्ण, ८डी८ म्हणजे सरळ ६४.

ऱ्हस्वदीर्घ

झाडांनी मराठीत बोलायचं असेल तर एक हत्यार आपल्याकडेच आहे, ते कुणी वापरत नाही: क्रियापदाचं लिंग.

अमरवेल घ्या. मराठीत तो वेल आणि ती वेल, दोन्ही चालतं. इथं ते कामाला येतं. कल्पना अशी की ही अमरवेल ज्याच्या अंगावर चढते त्याची आठवण शोषते, आणि बोलते त्याच्याच तोंडानं. पण ती एका वेळी अनेकांवर पसरलेली असते. मग एकाच दमात असं बोलते:

"मी रोज पहाटे हौदातून पाणी काढायचो. राणीसाहेब खिडकीत यायच्या. मी त्यांचे केस विंचरायचे. केस फार गळायला लागले होते. मग मी दाराशी बसून राहायचो, धनी येईपर्यंत. धनी आला की शेपूट हलवायचो."

माळी, दासी, कुत्रा. 'काढायचो'वरून 'विंचरायचे'वर गाडी घसरते तिथं एखाद्या खेळाडूचे कान उभे राहतील. शेपटीशी सगळ्यांचेच. डीएमनं इथं आवाज बदलायचा नाही. सपाट, एकाच सुरात वाचायचं. आवाज बदललात तर कोडं तुम्हीच सोडवून दिलंत.

आणि पुढच्या सेशनला, पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) कुणावर ती चढली असेल तर, त्याच खेळाडूचं एखादं वाक्य शब्दशः तिच्या तोंडी घाला. वहीत आधीच टिपून ठेवा, आयत्या वेळी आठवत नाही.

धुकेगडचा_डीएम

हे घेतलं. कुत्र्याचं तर घेतलंच. आता या वेलीचे नियम कोण बांधतंय?

कारवी_सात

मी. आधी खरी अमरवेल कशी असते ते बघा, नियम त्यातून पडतात. कुंपणावर पिवळ्या शेवयांचा गुंता पडलेला दिसतो ना, तीच. पानं नाहीत म्हणावी इतकी बारीक, हिरवेपणा जवळजवळ नाही. बी रुजल्यावर कोंब हवेत गोल फिरत आधार शोधतो, आणि शेजारच्या झाडाचा वास ओळखून तिकडं वळतो. २००६ च्या प्रयोगात तो गव्हापेक्षा टोमॅटोकडे वळताना दिसला. थोड्या दिवसांत झाड सापडलं नाही तर मरतो. सापडलं की खोडात शोषकं घुसवतो, आणि मग जमिनीशी असलेला संबंधच तुटतो. मूळ असं उरतच नाही. 'मुळापासून उपटा' म्हणणारा खेळाडू तिथंच फसतो.

तिचा टेबलावरचा हिशेब:

उघड्यावर लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली तर झोपलेल्यातल्या एकाला कॉन (तब्येत) सेव्ह डीसी १२. हुकला तर सकाळी मनगटाला पिवळा दोरा. दुखत नाही. त्या रेस्टमध्ये एक हिट डाइस (जखमा भरायचा फासा) परत मिळत नाही आणि वेलीला त्याची एक आठवण मिळते. कुठली, ते खेळाडूनं सांगायचं.

दोरा कापणं सोपं: एसी ११, एचपी ५. पण शोषकं आत राहतात. मेडिसिन (वैद्यकी) डीसी १४ नं ती काढली नाहीत तर १डी४ दिवसांत पुन्हा फुटते. शेतकरीही अमरवेल नुसती ओढून काढत नाही, धरलेली फांदीच छाटतो, कारण तुटका तुकडाही पुन्हा धरतो. पात्राची फांदी छाटता येत नाही, हा भाग खेळाडूंना आपोआप सुचेल आणि ते गप्प होतील.

पेटवली तर जळते, लगेच जळते. आणि तिच्याबरोबर माळ्याची साक्ष, दासीची साक्ष, गेल्या शंभर वर्षांची प्रत्येक आठवण जळते. हवं तर पेटवा.

फासेबहाद्दर

इथं माझी हरकत. आग लावली की साक्ष गेली, आग लावली की अमुक गेलं, असं प्रत्येक झाडाला केलंत तर ते कोडं राहत नाही, दटावणी होते. विझार्डनं फायरबॉल निवडलाय तो वापरायला. चारांतलं निदान एक झाड मनसोक्त पेटवू द्या. माझा माऊंड ठेवा त्या जागी; रेझिस्टन्समुळे तो निम्म्या इजेवर टिकतो, पण लागतं तरी.

जांभा_दगड

हरकत मान्य, आणि तिसरं झाड त्यासाठीच देतो. आग लावणं इथं मना नाही. आग लागते, काम होतं, आणि किंमत समोर उभी दिसते.

नांदरुकी किंवा वड दुसऱ्या झाडावर कसा वाढतो? पक्ष्याच्या विष्ठेतून बी फांदीच्या बेचक्यात पडतं, मुळं वरून खाली येतात, जमिनीत पोचली की जाड होतात, एकमेकांना जोडली जाऊन जाळं होतं. आतलं झाड काही दशकांत गुदमरून मरतं, कुजतं, आणि मध्ये पोकळ नळा उरतो. जुन्या भिंतीवरचा पिंपळही तसाच, वरून कितीही छाटा, सांध्यातलं मूळ पुन्हा फुटतं.

आता झाडाच्या जागी वाड्याचा ६० फुटी मनोरा ठेवा. नांदरुकीनं तो शंभर वर्षांपूर्वी धरला. दगड केव्हाच निखळून पडलेत. आता मनोरा नाहीच, मनोऱ्याच्या आकाराचं झाड आहे. जिन्याच्या पायऱ्या मुळांत अडकून तरंगतायत. राणी वरच्या खोलीत राहते आणि तिला हे ठाऊक नाही.

या झाडाला एकूण एचपी देऊच नका, मुळांना द्या. चार मोठी मुळं भार घेतात. प्रत्येक मूळ म्हणजे मोठी लाकडी वस्तू: एसी १५, एचपी २७. एक तुटलं तर मनोरा करकरतो. दोन तुटली तर डेक्स सेव्ह डीसी १२, हुकला तर प्रोन (आडवा). तीन तुटली तर दोन फेऱ्यांत सगळं खाली, वर असलेल्यांना ६डी६. आग लावली तर दर फेरीला प्रत्येक पेटत्या मुळाला १डी१० इजा, म्हणजे साधारण पाच फेऱ्यांत खेळ आटोपतो. विझार्डला पेटवायचंय ना? पेटव. पाच फेऱ्यांत वरून राणीला आणणार कोण?

त्याची अक्कल कशी? ते मिठी सोडत नाही, एवढीच. त्याला वाटतं मनोरा अजून आत आहे आणि आपण त्याला सांभाळतोय. ड्रुइडनं 'आत काही नाही' हे पटवलं (परसुएशन डीसी १७; मनोऱ्याचा खरा दगड हातात आणून दाखवला तर डीसी १२) तर झाड हळूहळू सैल पडतं, दहा मिनिटं लागतात, सगळे चालत खाली येतात. लढत नाही. पण त्यानंतर ते झाड एक शब्द बोलत नाही.

बागेला देवराईचा नियम लावा. आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीही बाहेर नेत नाहीत. दरीतली माणसं बागेबद्दल तेच पाळतात. पार्टी गावात परतली आणि अंगाला धुराचा वास असेल तर सराईत खोली मिळणार नाही. त्यासाठी फासा टाकायचीही गरज नाही.

तांबडा_पांढरा

पाच फेऱ्या, साठ फूट, जिना तरंगता. चढाय एक, उतराय दोन, राणीला समजवाय एक. हुतंय की! पण लई घाईत हुतंय. भारी.

उद्यमनगरी

मनोरा टेबलावर उभा करायचा असेल तर सांगतो, रविवारपर्यंत होईल. पण आज सुरू करा.

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जुनी तांब्याची तार वजनावर मिळते. २२ गेज घ्या. जाड घेतलीत तर बोटानं पिळता येत नाही, बारीक घेतलीत तर रंगाच्या वजनानं झुकते. ३० सेंटिमीटरचे २४ तुकडे. सहा-सहाच्या चार जुड्या, ही तुमची भार घेणारी चार मुळं. प्रत्येक जुडी खालून ५ सेंटिमीटर सोडून पिळा, सोडलेली टोकं बोटांसारखी पसरवा. मग पुठ्ठ्याच्या नळीभोवती (कापडाच्या ताग्यातली असते तसली, ५-६ सेंटिमीटर व्यासाची) चारही जुड्या तिरक्या गुंडाळा, जिथं एकमेकींना छेदतात तिथं एक तार दुसरीत अडकवा. नळीला चिकटवू नका. शेवटी ती ओढून काढायचीय, म्हणजे मनोरा खरंच पोकळ राहतो.

वरून एम-सील. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग होईपर्यंत मळा. पट्टे राहिले तर तिथं कडक होत नाही, चिकट राहतं. एका वेळी सुपारीएवढाच गोळा, नाहीतर हातातच दगड होतो. ओल्या बोटानं तारेवर पसरा, दाभणानं उभ्या रेघा मारा, साल तयार.

पायाला थर्मोकोल वापरणार असाल तर त्यावर स्प्रे रंग थेट मारू नका, रंगातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खाऊन टाकतं. आधी फेविकॉल आणि पाणी सारखं करून दोन हात द्या. या हवेत प्रत्येक हात रात्रभर वाळवा. वरून सुकलेलं दिसतं, आत ओलं असतं, मग रंग फुगतो.

पालापाचोळ्याला वापरलेली चहापूड. पूर्ण वाळवून, तव्यावर कोरडी भाजून. नुसती पंख्याखाली वाळवलीत तर आठवड्यात पांढरी बुरशी येते. गॉथिक दिसतं म्हणा, पण वास मारतो. वेलींना काथ्या उकलून, अमरवेलीसाठी पिवळा रेशमी दोरा.

प्रत्येक जुडी पायात नुसती खोचून ठेवा. मूळ तुटलं की खेळाडूंसमोर एका जुडीचं बूड पायातून उपसून मोकळं सोडायचं. मनोरा खरंच कलतो.

धुकेगडचा_डीएम

उद्यमनगरी दादा, शेवटच्या वाक्यासाठी दंडवत. आज संध्याकाळी तार आणतो.

वेळेचं गणित असं मांडतोय: गाव आणि देवराईचा नियम ३० मिनिटं, मोजणारी ४०, माऊंड ४० (पेटवा बिनधास्त), रात्र आणि अमरवेल ४५, मनोरा तासभर. उरलेलं चहाला आणि नियमांवरच्या भांडणाला. आता एकच राहिलं. रात्र घालवण्यासाठी त्यांना कारण पाहिजे, नाहीतर उघड्यावर झोपतील कशाला?

कारवी_सात

फूल द्या. काळी शेवंती, रात्र लांबली की फुलणारी, आणि मनोऱ्याचं दार तिच्या फुलण्यावर. शास्त्र खरं आहे. शेवंती दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजते. अंधार पुरेसा लांब झाला की कळी धरते, आणि मध्यरात्री थोडा वेळ लाल उजेड पडला तरी आधीचा अंधार फुकट जातो. पॉलिहाऊसवाले फुलं लांबवायला रात्री दिवे लावतात ते याचसाठी. रंगही ठरलेला: ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड अंधार मोडतो, ७३० च्या आसपासचा अतिलाल लगेच दिला तर मोडलेला अंधार पुन्हा जुळतो. शेवटचा उजेड कुठला, त्यावर निकाल. खरं झाड एका रात्रीत फुलत नाही, त्याला अशा कित्येक रात्री लागतात. तुमच्या दरीत एक पुरे.

टेबलावर: पार्टीला वाड्यात दोन कंदील सापडतात, एक लाल काचेचा, एक इतक्या गडद काचेचा की माणसाला त्यातून जेमतेम दिसतं. दार उघडायचं तर रात्रभर अंधार ठेवायचा, म्हणजे पहारेकऱ्याकडे दिवा नाही. डार्कव्हिजन असेल तर मंदप्रकाशासारखं दिसतं, पण दिसण्यावरच्या पर्सेप्शनला डिसॲडव्हांटेज. अमरवेल तेवढ्यात येते. घाबरून कुणी मशाल पेटवली तर कळी मिटते. दुसरा कंदील कशासाठी आहे हे ज्याला तेव्हा सुचेल त्याला इन्स्पिरेशन (बक्षिसाचा जादा फासा) द्या.

निशाचर

कंदिलांबरोबर एक पुरावाही ठेवा. जगदीशचंद्र बोसांच्या क्रेस्कोग्राफमध्ये झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी होऊन काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांनी उमटायची. राणीच्या अभ्यासिकेत असंच एक यंत्र असू दे. हातात द्यायला खरी काच करा: फोटोफ्रेमची जुनी काच, कडा सॅंडपेपरनं घासून, तेलाच्या दिव्यावर तिरकी धरून सतत हलवत काजळी घ्या. एका जागी धरलीत तर तडकते. मग सुईनं एक रेघ ओढा, ठिपक्या-ठिपक्यांची, हळूहळू चढणारी. काजळी बोटाला लागते, म्हणून कडेला चिकटपट्टी.

ऱ्हस्वदीर्घ

ठिपके सलग नका काढू. चार, मग जागा, मग दोन.

तांबडा_पांढरा

आयला. ती मोजणारी!

धुकेगडचा_डीएम

काच घरात आहे, दिवाही आहे. रविवारी चारला पहिला फासा.